रेघेच्या खाली

१

दोष बापाचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे आणखी माणसं येतील, आणि वाचणाऱ्याला वाटेल की थोडा याचा, थोडा त्याचा, थोडा नशिबाचा. नशिबाचा इथे काही संबंध नाही. एक रेघ होती, ती वर न्यायची होती, बापाने ती नेली नाही.

बाप पंपहाऊसचा मुख्य. शहर वसलंय एका आटवलेल्या तळ्याच्या तळाशी, आणि त्या तळाच्याही सर्वांत खोल जागी ही विटांची इमारत आहे. तिच्यातले पंप चालतात म्हणून शहर कोरडं राहतं. शेजारी नोकरांची क्वार्टर्स. त्यातल्या एका क्वार्टरमध्ये बाप, आई आणि धाकटी राहत होती. मग कॉलेज अर्ध्यावर टाकून थोरला परत आला.

थोरल्याचा विषय भूगर्भशास्त्र. शिकवणाऱ्यांना दगडापलीकडे काही कळत नाही, असं त्याचं मत. त्याला दगडही कळत नाहीत, असं त्यांचं. शेवटी दोघांनी एकमेकांना सोडलं. तो बॅग घेऊन दारात उभा राहिला तेव्हा बापाने पेपरातून मान वर केली नाही.

"आलास? संपले तिकडचे दगड?"

"पुरवठा कमी पडला."

"तोंड मात्र शिल्लक आहे. ठीक. पोरगा कॉटवर झोपेल, पोरगी खाली गादी घालेल."

झाला निकाल. कॉट धाकटीची होती, पण तिला कुणी विचारलं नाही, आणि थोरल्याने नको म्हटलं नाही. बापाच्या स्वतःच्या पलंगाला खाली पेट्या ठेवण्याइतके उंच पाय होते.

त्या घरात आणखी एक नियम होता. बापाने हाक मारली की लगेच 'ओ' द्यायची. कुठेही असा, काहीही करत असा. थोरल्याने हा नियम मिसरूड फुटल्याबरोबर मोडला होता. धाकटीने कधीच नाही. तोंडात ब्रशचा फेस असला तरी ती 'ओ' म्हणायची आणि मग आरसा पुसत बसायची. झोपेतसुद्धा बापाची हाक आली की डोळे उघडायच्या आधी ओ तयार. बापाला याचा अभिमान होता. पाहुण्यांना तो करून दाखवायचा.

धाकटी पंपहाऊसातच रात्रपाळीला होती, काट्यांवर नजर ठेवायला. सकाळी यायची, चहा प्यायची आणि थोरल्याच्या कॉटखालून गादी ओढून झोपायची. एका सकाळी तो कॉटवर पाय पसरून बसला होता. पंखा बंद होता, खिडकीतून ऊन येत होतं. धाकटी गाढ झोपेत होती. अचानक ती कमरेतून उठून बसली. डोळे मिटलेले. तिने तोंड उघडून एक लांब श्वास घेतला आणि परत आडवी झाली.

"काय गं?"

ती झोपलेली होती. थोड्या वेळाने पुन्हा उठली, श्वास घेतला, आडवी झाली. पुन्हा. डुंबणारी म्हैस मधूनमधून नाकपुड्या वर काढते ना, तसं. आणि दोन उठण्यांच्या मध्ये, आता त्याने नीट पाहिलं, तिची छाती हलत नव्हती.

"जागा बदलली की होतं असं," आई म्हणाली. तिच्या हातातून चमचा पडला होता. तो उचलायला वाकण्याआधी तिने श्वास भरून घेतला, गाल किंचित फुगवले, वाकली, चमचा उचलला, सरळ झाली आणि मगच पुढचं बोलली. "होईल सवय."

२

तळ्याची गोष्ट तिथल्या प्रत्येक पोराला शाळेत शिकवतात. डोंगरांनी घेरलेला एक वाडगा. चहूबाजूंनी ओढे आत येणार, बाहेर जायला वाट नाही. तळाशी निळसर चिकणमाती, इतकी घट्ट की थेंब खाली सोडत नाही. तिच्यावर युगानुयुगं पाणवेली कुजून बसलेला स्पंजासारखा काळा थर. त्यावर पाणी. या काठावरून तो काठ दिसत नसे.

पहिल्यांदा ते एका राजाने रिकामं केलं. डोंगरातून बोगदा खणला. बोगद्यात किती माणसं मेली ते राजाने मोजलं नाही, धान्य मात्र मोजलं. नातवाच्या राज्यात बोगदा ढासळला आणि तळं परत आलं. दुसऱ्यांदा पवनचक्क्या लावल्या. त्याही एका पिढीला पुरल्या. तिसऱ्यांदा वाफेची इंजिनं आली, मागून डिझेलची, मग विजेची, आणि पाणी पुन्हा दिसलं नाही. धड्याचं शेवटचं वाक्य पोरं एका सुरात म्हणतात: आणि अशा रीतीने माणसाने तळ्यावर विजय मिळवला.

धड्यात पुढचं नाही. काळा थर वाळला की आक्रसतो. हवा लागली की आतल्या आत जळतो, ना धूर ना ज्वाळा. जमीन खाली बसते. बसली की पाणी पुन्हा पायाशी येतं, म्हणून पंप आणखी खोल न्यायचे, म्हणजे थर आणखी वाळतो आणि जमीन आणखी बसते. जेवढा उपसा, तेवढं खचणं. थोरल्याला कॉलेजातून एवढी एक गोष्ट कळली होती आणि ती पुरेशी होती. त्याचे आजे-पणजे ज्याला विजय म्हणत होते, तो एक खड्डा होता. ते तो खणत होते आणि त्यातच संसार मांडत होते.

पुरावा आवारातच उभा होता. वाफेवाल्यांनी एक लोखंडी खांब काळ्या थरातून, निळ्या मातीतून थेट खडकापर्यंत ठोकला होता आणि त्याचा माथा जमिनीबरोबर ठेवला होता. आज तो माथा बघायचा तर मान मोडते. खांब वाढलेला नाही. खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर सगळीकडून एक खोल खाच आहे. सहलीला आलेली पोरं तिच्यात पाय रोवून फोटो काढतात. खाच कशासाठी, हे कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही.

३

"दगड पुसत होतास, आता लोखंड पूस," असं म्हणून बापाने त्याला पंपहाऊसात तेलपाण्याच्या कामाला लावलं. कॉलेजात दीड वर्ष काढलं म्हणून तिथल्या लोकांनी त्याचं नाव दीडशहाणा ठेवलं. नाव ठेवणारा ग्रीसमामा. हा तिथला सर्वांत जुना माणूस. त्याच्या नखांतलं काळं आता निघणारं नव्हतं, आणि निवृत्तीला थोडेच दिवस उरल्यामुळे तो कशातच पडत नव्हता.

हॉल मोठा, फरशी स्वच्छ, पंप एका ओळीत. टोकाला भिंतीलगत जिना खाली उतरतो, विहिरीकडे. सगळ्या तळाचं झिरपलेलं पाणी तिथे गोळा होतं. जिन्याच्या भिंतीवर, बरीच खाली, हाताच्या रुंदीची लाल रेघ. रेघेखाली दम धरायचा, बोलायचं नाही. जे काय सांगायचं ते हाताने. काम झालं की वर येऊन श्वास घ्यायचा. खाली कुजका वायू साचतो, असं कारण सांगत.

पहिल्या दिवशी थोरल्याला खटकलं ते वेगळंच. रेघ खाली होती, पण माणसं दम वरच्या पायरीवरच धरत. हॉलच्या फरशीवरून पहिलं पाऊल खाली टाकण्याआधी प्रत्येकाचे गाल फुगत.

"अहो मामा," पायऱ्या उतरता उतरता तो म्हणाला, "रेघ कुठे, तुम्ही कुठे. आत्तापासूनच गाल फुगवून काय चाललात, फुगे विकायला? अजून निम्मा जि..."

पुढचं अक्षर निघालं नाही. घशात काहीतरी गार शिरलं, जड. श्वास घ्यायला गेला तर आणखी शिरलं. मग कॉलरला हिसका बसला. ग्रीसमामाने त्याला पोत्यासारखं ओढत वर हॉलच्या फरशीवर आणून उभं केलं. थोरला ओणवा झाला आणि त्याने चूळभर पाणी ओकलं. तपकिरी, बर्फासारखं थंड. त्यात हिरव्या वेलीचा एक धागा होता.

"मामा, हे काय होतं?"

"ठसका."

"पाण्याचा?"

"ठसका म्हणजे ठसका. पाणी पी, बरं वाटेल."

"आत्ताच प्यायलो की!"

बाकीचे हसले, पण लगेच आपापल्या पंपाकडे वळले. थोरल्याने वर पाहिलं. एखादा पाइप गळत असणार. पाइप कोरडे होते. जिना कोरडा होता. त्याचा शर्टही कोरडा होता, फक्त हनुवटी ओली.

४

जो शिकवणाऱ्यांवर विश्वास ठेवत नाही तो ठसक्यावर कसा ठेवेल? कपाटात वायू मोजायचं यंत्र होतं, खरेदीच्या दिवशीचं प्लास्टिक अजून अंगावर. थोरल्याने ते काढलं आणि दुपारच्या सुट्टीत, छाती भरून घेऊन, जिन्यात उतरला. काटा हलला नाही. मग त्याने काडी पेटवली. वायू असेल तर ती विझेल नाहीतर भडकेल. काडी शांत जळत राहिली. फक्त तिची ज्योत सावकाश एका बाजूला कलली, जरा थांबली, आणि तितक्याच सावकाश दुसऱ्या बाजूला कलली. वाऱ्यात ज्योत फडफडते. ही ओढ्यातलं गवत डोलतं तशी डोलत होती.

तो वर आला, श्वास घेतला, स्वतःला म्हणाला की जिन्यात हवेचा झोत असेल. हात धरून पाहिला. झोत नव्हता.

दुसऱ्या फेरीला त्याने खिशातला चाकू रेघेत खुपसला. रंग पापुद्रा निघावा तसा निघेल असं त्याला वाटलं होतं. निघाला जाड ढलपा, भाकरीएवढा. वर आणून उजेडात आडवा धरला तर त्याच्या कडेला थरावर थर दिसले, लाल, फिकट लाल, लाल. तळ्यातल्या मातीचे असेच थर त्याने कॉलेजात पाहिले होते. दर वर्षी एक थर बसतो. इथेही दर वर्षी कुणीतरी रंग दिला होता, एकाच जागी, एकावर एक.

मग त्याने रेघेखालचा चुना खरवडला. तिथे दुसरी रेघ होती. तिच्याखाली तिसरी. तिच्याखाली आणखी. खालून वर, वीत वीत अंतराने, एखाद्या शिडीसारख्या रेघा चढत आल्या होत्या. प्रत्येक पातळ, रंगाच्या एकाच हाताची. सर्वांत वरची, ही फुगलेली, तेवढी थांबली होती.

"मामा, रेघ दर वर्षी वर जायची ना?"

ग्रीसमामा डबा उघडत होता. त्याने तो परत बंद केला.

"चुना खरवडलास? तुला कुणी सांगितलं होतं?"

"कोणी नेत होतं वर?"

"आधीचे साहेब. खांबाभोवती तेव्हा खड्डा होता, वर झाकण. खड्ड्यात उतरायचं, खांबावरच्या खाचेपासून नळी लावायची आणि ती लेव्हल इकडे जिन्यात आणायची. जिथे येईल तिथे रेघ. जमीन खचते, जिना खचतो, खाच जागच्या जागी. म्हणून रेघ वर."

"खाच कशाची?"

"मला काय विचारतोस? वाफेवाल्यांनी पाडली. तिथपर्यंत दम धरायचा, एवढं सांगून गेले."

"आणि खाच जमिनीच्या वर आली तर?"

"तर वस्ती उठवायची. असं म्हणायचे." ग्रीसमामाने इकडे तिकडे पाहिलं. "तुझे वडील मुख्य झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी खड्डा बुजवला. म्हणाले, रेघ आहे तिथे ठीक आहे, दर वर्षी रंग द्या म्हणजे नीट दिसेल."

"आणि तुम्ही सगळे गप्प बसलात."

"दम धरून बोलता येतं का बाळा?" मामा म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. थोरल्याला त्याच्या डब्यावर लाथ मारावीशी वाटली.

५

गवंडी लेव्हल काढायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात. दोन टोकं कितीही लांब न्या, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर उभं राहतं. थोरल्याने ती स्टोअरमधून उचलली. एक टोक खांबाच्या खाचेला बांधलं, दुसरं ओढत क्वार्टरपर्यंत आणलं. धाकटी नुकतीच पाळीवरून आली होती, डोळे तांबारलेले, हातात चहा.

"दादा, आता घरात पण पंप बसवतोस का?"

"टोक धर. भिंतीला लाव. हळूहळू वर ने, मी थांब म्हणेन तिथे थांब."

"कॉलेजात हेच शिकवत होते? मग सोडलंस ते बरं केलंस."

"धर गप."

नळीतलं पाणी हेलकावलं आणि स्थिर झालं. ते उंबऱ्याच्या बरंच वर होतं. थोरल्याने पेन्सिलने खूण केली आणि तीच खूण खोलीच्या भिंतीवरून पुढे नेली. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर. कॉटच्या पाटाला घासून. धाकटीच्या गादीच्या कितीतरी वर.

ती खुणेकडे पाहत राहिली. मग गादीकडे.

"म्हणजे मी मासा झाले?"

"तू झोपेत उठून बसतेस, माहीत आहे?"

"आई म्हणाली." तिने चहा संपवला. "दादा, मला रोज एकच स्वप्न पडतं. काही घडत नाही त्यात. वर उजेड असतो आणि तो हलत असतो. बस."

आई दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने पेन्सिलची रेघ पाहिली आणि नुसतं म्हणाली, "भावजींच्या वेळी खाली होती बरीच."

भावजी म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. तोही पंपहाऊसात होता. थोरला शाळेत असताना तो जिन्यात गेला. हृदय बंद पडलं, असं घरात सांगितलं होतं.

"काकाचं काय, आई?"

"जिन्यातून आणला तेव्हा कपडे कोरडे ठणठणीत. केससुद्धा कोरडे. आणि नाकातोंडातून पाणी थांबेना. मीच पुसत होते." तिने ते कालचं दूध नासलं असं सांगावं तसं सांगितलं. "तुझे बाबा म्हणाले, हृदय. डॉक्टरही म्हणाले, हृदय. मग हृदयच."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? क्वार्टर गेलं असतं."

थोरला तिच्याकडे बघत राहिला. ही बाई वर्षानुवर्षं गाल फुगवून चमचे उचलत होती, आणि तिने पोरीची गादी खाली घातली होती.

"आजपासून कॉटवर झोप," तो धाकटीला म्हणाला.

"बाबांनी सांगितलंय खाली म्हणून."

"बाबांना मी बघतो."

"तुझ्या पायांचा वास येतो त्या कॉटला."

"धाकटे, चेष्टा नाही करत मी. शपथ घे. कॉटवर."

"बरं बाबा, झोपते कॉटवर. शपथ. जा आता, तोंड बघ कसं झालंय, भूत पाहिल्यासारखं." तिने त्याला हाताने बाहेर ढकललं.

६

बापाची खोली पंपहाऊसच्या वरच्या मजल्यावर होती. साहेबांच्या खोल्या वरच असतात. टेबल, काच, काचेखाली जुन्या मुख्यांचे फोटो. थोरल्याने रंगाचा ढलपा टेबलावर ठेवला.

बापाने तो उलटसुलट केला. त्याला तो ओळखायला एक क्षणही लागला नाही.

"सरकारी भिंत खरवडलीस."

"खाच गुडघ्यापर्यंत आलीय. घरात आलीय. तुमच्या पोरीची गादी तिच्या खाली आहे."

"कशाच्या खाली?"

थोरल्याकडे त्याला शब्द नव्हता. पाणी म्हणावं तर पाणी नव्हतं.

"बघ," बाप म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "या तळात शाळा आहेत, दवाखाने आहेत, माणसं कर्ज काढून घरं बांधतायत. मी रेघ फरशीपर्यंत नेली असती तर सगळं उठवावं लागलं असतं. कुठे नेणार होतास त्यांना? तुझ्या कॉलेजात? मी एक रेघ धरून ठेवली. एवढंच केलं. रंगाने कुणी मरत नाही."

"काका मेला."

"त्याचं हृदय."

"आईला विचारा ना, कुठून गळत होतं हृदय ते."

बाप उठला. थोरल्याला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण बापाने चष्मा घातला. "चल. घरी चल. तिथे काय आहे ते दाखव मला. काही नसेल तर उद्या सकाळी तू हे शहर सोडायचं."

दोघं भर दुपारी आवारातून निघाले. ऊन स्वच्छ होतं. कुणाच्या तरी खिडकीत कपडे वाळत होते. थोरला चालता चालता स्वतःशी वाद घालत होता. नळीत हवेचा बुडबुडा राहिला असेल. झोपेत उठून बसणं हा आजार असतो, त्याला नाव असतं. ठसका म्हणजे ठसका. काकाचं हृदय. घरी धाकटी कॉटवर घोरत असेल, बाप जिंकेल, आणि त्याला त्या क्षणी मनापासून वाटलं की बापाने जिंकावं.

आई बाहेर नळावर होती. खोलीचं दार लोटलेलं. त्याने ते ढकललं.

कॉट रिकामी होती. चादरीला एक सुरकुती नव्हती.

धाकटी खाली गादीवर, उताणी. पंखा बंद. आणि तिचे केस उशीवर नव्हते. ते सगळे वर उचलले गेले होते, पसरले होते, आणि सावकाश एका बाजूला जात होते, जरा थांबत होते, परत येत होते. ओढणीचं टोक वर उभं होतं. तिची एक चप्पल फरशीपासून बोटभर वर होती आणि कॉटच्या पायाला हळूच आपटत होती. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. भिंतीवरच्या पेन्सिलच्या रेघेच्या वर एकही केस येत नव्हता. रेघेखाली मात्र खिडकीतला उजेड जाळीजाळीचा होऊन हलत होता.

थोरल्याने हात आडवा करून बापाला अडवलं. ती आता उठेल. उठून बसेल, डोकं रेघेच्या वर येईल, श्वास घेईल, आणि त्या वेळी तिला खेचून घ्यायचं. फक्त थांबायचं. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

बाप पाहत होता. चष्म्यातून, नीट. त्याने सगळं पाहिलं, याबद्दल थोरल्याला आजही शंका नाही. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग त्यावर ते जुनं, घरातलं, खालून वर बघणाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं काहीतरी आलं. आणि त्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं. हाक मारली.

"ए पोरी!"

धाकटीने डोळे उघडले. तिचं तोंड गोल झालं. त्यातून एक बुडबुडा निघाला, काचेसारखा, लिंबाएवढा. तो डळमळत वर आला, रेघेपाशी पोचला आणि फुटला. तेव्हा त्यांना ते ऐकू आलं.

"ओ."

मग तिने श्वास घेतला.

७

थोरला दम धरून खाली झेपावला आणि तिला उचलून कॉटवर घेतलं. ती जड होती, आणि रेघेच्या वर आल्यावर आणखी जड झाली. तिचे कपडे कोरडे होते. गादी कोरडी होती. त्याने तिची पाठ थोपटली, उलटी केली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. आत जागाच नव्हती. आई नळावरून धावत आली, खाली बसली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी चटकन उठून उभी राहिली. उभ्यानेच ती पोरीचं नाक पुसत राहिली. पाणी तपकिरी होतं.

डॉक्टर आले. "हृदय," ते म्हणाले, आणि बापाकडे पाहिलं. बापाने मान हलवली.

थोरल्याने डॉक्टरांना सांगितलं, खात्याच्या साहेबांना सांगितलं, शेजाऱ्यांना नळी लावून दाखवली. साहेब म्हणाले, दुःखात माणूस काहीही बोलतो. शेजाऱ्यांनी मात्र काही विचारलं नाही. घरोघरी दुसऱ्या दिवसापासून विटा आल्या, आणि प्रत्येक खाटेच्या पायाखाली विटा लागल्या. वस्ती उठवण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तो निघाला त्या सकाळी पंपहाऊसात डोकावला. बाप जिन्यात होता. हातात ब्रश, डबा पायरीवर, गाल फुगलेले. थोरल्याने खरवडलेल्या जागेवर नवा चुना फिरवून झाला होता आणि आता रेघेला लाल रंग चालला होता. त्याच जागी. कडा सुटू नयेत म्हणून तो जपून, एका बाजूने दुसऱ्या बाजूला ब्रश नेत होता. थोरल्याला त्याने पाहिलं. हाक मारायला तो खऱ्या रेघेच्या फार खाली होता.

थोरला आता डोंगराच्या कड्यावर राहतो. तिथून तळ दिसतो, छपरं दिसतात, खांबाचा माथा दिसतो. बाप अजून पंपहाऊसचा मुख्य आहे, मुदतवाढ मिळाली. त्याला एक मुलगी होती, ती गेली. एक मुलगा होता, तो परत जाणार नाही. आता त्या घरात हाकेला ओ कुणी देत नाही.